दोन गावांचा टेप

शुक्र. १२ डिसें. २०२५, नळदुर्ग

देव येऊन बसले, टेपचा अजून पत्ता नाही.

दरवर्षी खंडोबा अणदूरहून आमच्या गावात मुक्कामाला आले की आठवड्याच्या आत अक्का टेप घेऊन येते. देव इकडं दोनेक महिने, बाकी वर्ष अणदूरला. अण्णांच्या टेपरेकॉर्डरचंही तेच. अण्णा गेले तेव्हा आम्ही दोघी बहिणी त्या एका खोक्यावरून अशा हटून बसलो की आईनं कपाळाला हात लावला. भांडी नकोत, सोनं नको, दोघींना टेपच पाहिजे. शेवटी आई म्हणाली, "देवाला दोन गावं जमत्यात, ह्या खोक्याला का जमू न्हाय?" अक्का अणदूरला दिलेली, मी नळदुर्गात. झालं. तिला दहा महिने, मला दोन. थोरलीवर आईचा जीव जरा जास्तच होता. असो.

शोकेसचा मधला कप्पा मोकळा केला. ह्यांची टोपी, गोळ्यांचा डबा, टॉर्च, सगळं वर टाकलं. हे म्हणाले, "आला माझ्या सामानाचा वनवास."

आज शिवलेले ब्लाउज ३, साडीचं पिको थोडं. अक्का येईल म्हणून भरताची वांगी आणून ठेवली. हिरवी, काटेरी, तिला आवडतात तशी.

रवि. १४

टेप आला. पण असा आला की लिहायचीही लाज वाटते.

अक्काचा राजू घेऊन आला, मोटारसायकलवर. टाकीवर कॅरीबॅग, कॅरीबॅगेत टेप. शाल नाही, मुठीला भंडारा नाही. कॅसेटी दुसऱ्या पिशवीत, कांद्याच्या पातीबरोबर. सगळ्या कॅसेटींना पातीचा वास.

दारातच म्हणाला, "मावशी, आईनं सांगितलंय, आता तुमच्याकडंच राहू द्या. कायमचा."

"कायमचा म्हंजी?"

"कायमचा म्हंजी कायमचा. आता न्यायचं-आणायचं बंद म्हणली."

अर्धा कप चहा घेतला आणि गेला. त्याचा ट्रॅक्टर उसावर आहे, बूड टेकायला वेळ नाही.

आणि करार? दरवर्षी अक्का उंबऱ्याबाहेर उभी राहून एकेक अट विचारते, मी आतून कबूल म्हणते. देव निघताना दोन गावांचा करार होतो, त्याचीच आमची ही नक्कल, आईनं घालून दिलेली. पावसात न्यायचा नाही. संपलेले सेल आत ठेवायचे नाहीत. ज्या घरून निघायचा त्या घरच्या बहिणीनं स्वतः पोचवायचा. देव परतले की परत. हे पंच म्हणून मधे उभे राहतात आणि हसू दाबतात. मग कपाळाला भंडारा, भरीत-रोडगा, आणि अक्काचा दोन रात्री मुक्काम. दोन रात्री अशासाठी की एका रात्रीत आमचं बोलणंही उरकत नाही आणि भांडणही.

यंदा यातलं काही नाही. वांग्यांची साधी भाजी केली. बरी झाली नाही.

सोम. १५

काल रागात होते म्हणून नीट लक्षात आलं नाही. टेप माझा आहे. परत लिहिते. माझा.

आता कुणी तारीख मोजणार नाही, कुणी "मूठ सैल कशी झाली गं" म्हणून उलटासुलटा करून बघणार नाही. सकाळी शिलाईला हात लावला नाही. कातडी कव्हर खोबरेल तेलानं पुसलं. कापसाला स्पिरिट लावून हेड साफ केलं. नवे मोठे सेल आणवले. बटण दाबलं. खट. मग ती बारीक सूं. मग आमचं माहेर, तुळजापूर. अण्णांचं सायकलचं दुकान, पंप मारल्याचा आवाज, आणि आळीतल्या भजनी मंडळाचा तबलजी नेहमीप्रमाणे पुढं पळालेला.

दुसऱ्या कॅसेटीत आमची हादग्याची गाणी. मी लहान, अक्का जरा मोठी. मधे अक्का ओळ विसरते आणि मी ठसक्यात पुढं म्हणते. हा तुकडा मी तीनदा लावला. अक्का इथं असती तर एकदाही लावू दिला नसता.

ब्लाउज न्यायला आलेल्या दोघीजणी तासभर बसून राहिल्या. एकीनं सगळीकडून बघून विचारलं, "ह्यात पेनड्राइव्ह कुठनं घालायचा?"

हे जेवताना म्हणाले, "भरलं का तुझं पोट आता?" मी म्हणाले, भरलं.

गुरु. १८

अक्काला फोन केला.

"अक्का, राग आलाय का?"

"कशाचा?"

"त्या भजनाच्या कॅसेटीचा." मागच्या साली तिचं रीळ गुंतून तुटलं, चिकटवून घ्यावं लागलं. ती म्हणते माझ्याकडं, मी म्हणते तिच्याकडं.

"ती तुझ्याकडंच गुंतली. पर त्याचा राग आता कशाला धरू?"

म्हणजे राग नाही. राग असता तर आवाज चढला असता.

"मग असं का केलंस?"

"किती दिस पोरखेळ करायचा? आपली नातवंडं हसायल्यात. तुला हवाच हुता की जल्मभर, घे आता."

आणि फोन ठेवला. अक्का कधीच आधी फोन ठेवत नाही. "ठेवू का, ठेवू का" करत अजून एक विषय काढते. काहीतरी आहे.

बुध. २४

आज शोकेस पुसताना कळलं, टेपवर धूळ बसलीय. चारपाच दिवस हात लावलेला नाही.

एरवी दोन महिने कसे असतात! दुपारचं जेवण झालं की मशीन बंद, टेप चालू. वाया एक दिवस जाऊ देत नाही. कारण जायचा असतो. आता कधीही लावता येतो, म्हणून लावलाच जात नाही. दोन दिवसांपूर्वी तर त्याच्यावर अस्तराची कापडं ठेवली होती मीच.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "पावणा हुता तवर मान हुता. आता घरजावई झालाय."

मी हसले. पण खरं आहे ते.

ब्ला. ५. एका बाईच्या बाह्या उलट्या लागल्या, उसवून परत.

शनि. ३ जाने. २०२६

आज देवाची मोठी यात्रा. शिलाई बंद. गल्लीपासून देवळापर्यंत पिवळंच पिवळं.

अक्का यात्रा चुकवत नाही. बाळंतीण असतानाही आली होती. सकाळपासून तिची वाट बघत होते. राजू एकटाच दिसला, नारळाची पिशवी घेऊन.

"आई कुठंय?"

इकडं बघ, तिकडं बघ. मग म्हणाला, "मावशी, तुमाला सांगू नको म्हणलीय."

"मग लवकर सांग."

गुडघे. दिवाळीपासून लईच धरलेत. तुळजापूरला दवाखान्यात निघाली होती, एस.टी.च्या पायरीवर एक पाय ठेवला आणि दुसरा उचलेचना. वर जाता येईना, खाली येता येईना. कंडक्टर ओरडायला लागला, मागच्या कुणीतरी काखेत धरून वर ढकललं. पुढच्याच थांब्यावर उतरली आणि राजूला फोन करून घरी आली. तेव्हापासून गावाबाहेर पाऊल नाही. राजू गाडी आणतो म्हणाला तर नको. डॉक्टर घरी आणतो म्हणाला तर नको. म्हणते, आता माझं घर ते देऊळ, एवढंच गाव.

आणि मग एक दिवस टेप काढून त्याच्या हातात दिला. देऊन ये म्हणाली. शालीत बांधायला गेला तर, राहू दे, कॅरीबॅगेत टाक, म्हणाली.

मी तिथंच रडले, भर गर्दीत. कुणी ओळखीचं भेटलं तर भंडारा डोळ्यांत गेला म्हणून सांगितलं. भंडाऱ्याचा यात्रेत तेवढा फायदा.

मंगळ. ६

तीन दिवस अक्कावर नुसता राग. मशीन इतक्या जोरात चालवलं की दोन सुया मोडल्या.

आधी वाटलं, मला सांगितलं का नाही. मग वाटलं, मी का विचारलं नाही. अणदूर म्हणजे काय परदेश आहे? टमटमनं गेलं तर पदर नीट करेपर्यंत येतं. पण जाणं होत नाही. तिची शेती, माझी गिऱ्हाइकं, लग्नसराई, दुखणीखुपणी. काम असल्याशिवाय कोण उठून जातं? वर्षात दोनदा मात्र न चुकता. एकदा ती टेप घेऊन यायची, एकदा मी घेऊन जायची. बाकी भेटी लग्नामयतातल्या, त्यात काय बोलणं होतं.

म्हणजे इतकी वर्षं मी ज्याला टेपसाठी भांडण समजत होते ते भांडण टेपसाठी नव्हतंच. टेप मला नको. मला अक्का यायला हवी. लिहून टाकलं, बरं वाटलं.

आणि ती म्हणते कायमचा ठेव. म्हणजे येणं बंद, नेणं बंद. स्वतःला पोचवायला जमणार नाही म्हणून सगळा करारच मोडून बसली. ही आमची अक्का. अर्धं कधी करणार नाही. एक तर पूर्ण, नाहीतर चुलीत.

हे म्हणाले, "मग तू का बसलीस? देव परत जायचेत की अजून."

कधीकधी हे बरोबर बोलतात.

गुरु. २९, अणदूर

अक्काकडून लिहितेय. ती झोपलीय.

देव अणदूरला परतले. मीही निघाले. टेप शालीत गुंडाळला, मुठीला भंडारा, मांडीवर घेऊन टमटममधे बसले. डायव्हर आरशातून बघून म्हणाला, "मावशी, बाळाचं तोंड झाकू नका, गुदमरंल." त्याला म्हणाले, ह्याला सवय हाय.

अक्का अंगणात बाजेवर बसून सुपात तूर घोळत होती. वाळलीय. मला बघितलं, मग शालीकडं बघितलं.

"हे कशाला आणलंस?"

"देव आले. टेप बी आला."

"म्या सांगितलं न्हवं, कायमचा ठेव म्हणून?"

"तुझ्या एकटीच्या सांगण्यानं मोडतो व्हय करार? आईनं केलेला हाय."

ती परत तुरीकडं वळली. "घिऊन जा."

"न्हाय."

"घिऊन जा म्हणते ना."

"आन् म्या न्हाय म्हणते ना."

मी बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसले, टेप मधे. बराच वेळ दोघी तूर निवडत होतो. तिची सून चहा ठेवून गेली, तीही आमच्याकडं न बघता. मग अक्काच बोलली.

"पुढच्या बारीला म्या पोचवू शकत न्हाय. मग काय राजूच्या हाती? तसलं मिळमिळीत मला जमत न्हाय. त्यापरीस मिटवलेलं बरं."

"गुडघ्यापायी बहीण मिटवलीस व्हय."

सूप थांबलं. मला वाटलं आता भांडणार. भांडली नाही.

"सगळी गाडी बघत हुती गं," म्हणाली. "जल्मात म्या कुणाला हात लावू दिला न्हाय. डोक्यावर भारा घिऊन बांध चढलेली बाई म्या. आन् कुणीतरी पोत्यासारखं ढकललं. त्या दिशी ठरवलं, आता कुठं जायचं न्हाय. न जाता कुणाला कळत बी न्हाय."

मी तिचा गुडघा हातात धरला. धरू दिला.

मग म्हणाले, "ऐक. न्यायचा बी म्या आन् आणायचा बी म्या. पुनवेला. एका पुनवेला आणायचा, दुसऱ्या पुनवेला न्यायचा."

"दर म्हैन्याला? देवाला बी इतकी घाई न्हाय."

"देवाला काय, त्याला लई वर्षं हायत. आपल्याला न्हायत."

"मग टेपचं नाव कशाला घितीस? तुझा यायचा बहाणा म्हण."

"व्हय. बहाणाच."

अक्का हसली. मग रडली. मग मलाच ओरडली की शालीची माती तुरीत पाडलीस. मी म्हणाले माती तुरीतच होती. मग नीट भांडण झालं आणि दोघींना बरं वाटलं.

एक अट तिनं घातली. राजूच्या गाडीनं ती डॉक्टरकडं जाईल, पण मी बरोबर असले तरच. ती अट मी लगेच कबूल केली.

शनि. ३१, घरी

दोन रात्री राहून आले. काल राजूच्या गाडीनं तुळजापूरला डॉक्टर. गाडीत चढताना अक्कानं आधी इकडंतिकडं बघितलं, मग माझ्या खांद्यावर हात टाकला. जड आहे अजून, वाळली असली तरी. डॉक्टर म्हणाले, चालणं बंद करू नका, उलट चाला. अक्का बाहेर येऊन म्हणाली, "बघ, म्या म्हणतच हुते." काय म्हणत होती देव जाणे.

रात्री टेप लावला. हादग्याची कॅसेट. ती ओळ विसरते तिथं मी गप्प बसले, मोठेपणा दाखवायला. ती म्हणाली, "हितं म्या विसरले न्हाय. तूच मधे घुसलीस." परत लावून बघितलं. दोघींचंही मत बदललं नाही.

मंगळ. १७ फेब्रु.

कप्पा रिकामा. ह्यांची टोपी, गोळ्यांचा डबा, टॉर्च परत जागेवर. हे खूश.

अक्काचा रोज संध्याकाळी फोन. देवळापर्यंत जाऊन आले, आज पारावर बसले नाही, सरळ गेले, असले रिपोर्ट. मग फोन टेपला लावून धरते, म्हणते ऐक. ऐकू येतं नुसतं खरखर. मी ऐकते.

जाड मांजरपाटाच्या दोन उशा शिवल्या, आत ओवा आणि जाडं मीठ. तव्यावर गरम करून गुडघ्याला धरायच्या. बघून हे म्हणाले, "बहिणीला उशा, आमाला साधी बटणं बी न्हायत." त्यांच्या शर्टाची बटणं लावली. ब्ला. २.

रवि. १ मार्च

मंगळवारी होळीची पुनव. टेप आणायला मी अणदूरला जाणार, ठरलेलं. उशा, नवे सेल, ह्यांनी दिलेली द्राक्षं, सगळं काढून ठेवलं होतं.

दुपारी अक्काचा फोन. आवाज पडलेला.

"टेप बंद पडला गं. काल लावला, उं उं केलं आन् थांबला."

राजूनं सोलापूरला नेऊन दाखवला. आतला पट्टा तुटलाय. दुकानदार म्हणाला, असला पट्टा आता येत नाही, शोधून बघतो, मिळाला तर मिळाला. उघडलेला टेप तसाच परत दिला.

"माझ्या हातनं झालं न्हाय," ती म्हणाली. "म्या नीटच लावलता."

मी म्हणाले, माहितीय. खरं म्हणजे यावर तिला चांगलं छळता आलं असतं, पण तोंड उघडवेना. अण्णांनी रोज लावलेला. आईनं ऐकलेला. फोनवर मला तिकडचं कोंबडं ओरडलेलं ऐकू येत होतं.

ह्यांनी सोलापुरात एकदोघांना विचारलंय, जुन्या सामानात कुठं पट्टा निघतो का. अजून काही कळलेलं नाही. निघेल, नाही निघणार, मला सांगता येत नाही.

"ठेवू का?" अक्का म्हणाली. ठेवला नाही. परत म्हणाली, "ठेवू का?" मग हळूच, तिच्या त्या दमदार आवाजात कधी ऐकलं नव्हतं तसं:

"बंद पडलेला न्यायला येतीस का गं?"

"मंगळवारी सकाळीच निघते," मी म्हणाले. "पुरणाची डाळ जास्त घाल."

"किती रात्री ऱ्हाशील?"

"बघू," म्हणाले.